तितराची हाक



मागे एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातल्या एक आजी धर्मशिक्षणाच्या वर्गापाशी येऊन थांबल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला असतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तिथे त्यांच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थाने आजींच्या दहा वर्षांच्या नातवाला रानटी टर्कीच्या शिकारीला नेऊ का, असे विचारले होते. बंदूक नाही, धनुष्यबाण. मुलाने फोनवर आईला विचारले, "पाठवू का?" आणि आजींनी तोच प्रश्न आम्हाला विचारला, "तुम्ही पोरायले धर्म शिकवता, तं सांगा. पाप आहे का हे?"

आम्ही दोघे नवरा-बायको गेली बरीच वर्षे हा वर्ग घेतो. दहा आज्ञा, संस्कार, जपमाळेची रहस्ये, यांतले काहीही विचारा, उत्तर तयार असते. या प्रश्नाला मात्र आमच्यापैकी एकाने "होय" म्हटले आणि दुसऱ्याने त्याच क्षणी "नाही" म्हटले. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "आधी घरी ठरवून घ्या, मंग सांगजा."

ते ठरवता ठरवता आम्ही कुठे जाऊन पोहोचलो, ते इथे लिहीत आहोत.

आधी टर्कीबद्दल. हा पक्षी आपल्या कोंबडीच्या कितीतरी पट मोठा असतो आणि त्याची नजर फार तीक्ष्ण असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे अमेरिकेच्या कित्येक भागांतून तो नाहीसा झाला होता. पुढे तो परत आणला गेला, आणि त्यात मोठा वाटा होता शिकाऱ्यांच्याच पैशाचा. १९३७ साली तिथे एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी वापरायचा, असा तो कायदा. पुढे धनुष्यबाणावरही तसा कर आला. आज कित्येक राज्यांत मुलांसाठी शिकारीचे खास दिवस राखलेले असतात. मोठे माणूस सोबत असावेच लागते, परवाना आणि नियम असतात, आणि वसंतात साधारणपणे नरच मारायचा असतो. म्हणजे तो शेजारी काही दुष्ट माणूस नव्हता. आपल्याकडे एखादा काका पुतण्याला पोहायला न्यायचे म्हणतो, तितक्याच सहजपणे त्याने विचारले असणार.

तरी आमच्यातला एक जण अडून बसला होता. धनुष्याची गोष्ट वेगळी आहे, असे त्याचे म्हणणे. बाण जरा चुकला तर पक्षी मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरतो आणि तिथे तासन्‌तास तडफडत राहतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला कितीसा जोर? मग ती तडफड कुणाच्या नावावर लिहायची, मुलाच्या की नेणाऱ्याच्या?

साहजिकच आम्ही बायबल उघडले. आणि गंमत अशी की बाप मुलाला धनुष्य घेऊन शिकारीला जायला सांगतो, ही गोष्ट उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. म्हातारा, दृष्टी गेलेला इसहाक थोरल्या मुलाला, एसावाला, बोलावतो. धनुष्य आणि भाता घे, रानात जा, शिकार आणून मला आवडते तसे रांधून घाल, म्हणजे मरण्यापूर्वी मी तुला आशीर्वाद देईन, असे सांगतो. पुढची फसवणूक सर्वांना माहीत आहे. वर्गात ती सांगताना आम्ही नेहमी याकोबाच्या हाताला बांधलेल्या केसाळ कातड्यांवर भर देतो. या वेळी लक्ष दुसरीकडे गेले. इसहाकाच्या ताटात शेवटी आले ते घरच्या कळपातल्या करडाचे मांस. ज्या शिकारीच्या चवीसाठी तो एसावावर जीव टाकत असे, ती चव त्याला ओळखताच आली नाही. मग त्याला नेमके काय हवे होते? आम्हाला वाटते, मुलगा आपल्यासाठी रानात जातो, हेच त्याला हवे असावे.

पवित्र शास्त्र शिकारीला सरसकट पाप म्हणत नाही. जलप्रलयानंतर नोहाला मांस खाण्याची मुभा मिळाली, तीही रक्त न खाण्याच्या अटीवर. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे, तो आम्ही आजवर कधी शिकवला नव्हता. वाटेत पाखराचे घरटे दिसले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घेतली तरी आईला सोडून द्यावे. एवढाच नियम, पण त्याला दीर्घायुष्याचे वचन जोडलेले आहे. दहा आज्ञांतल्या आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही तेच वचन आहे. पाखराच्या आईसाठी आणि माणसाच्या आईसाठी देवाने एकच बक्षीस ठेवावे, याचा आम्ही बराच वेळ विचार करत राहिलो.

ख्रिस्तसभेला तर शिकाऱ्यांचा आश्रयदाता संतही आहे. संत ह्युबर्ट, लिएजचे बिशप, ३ नोव्हेंबर हा त्यांचा सण. आख्यायिका अशी की ते एका हरणाचा पाठलाग करत होते आणि त्या हरणाच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला. युरोपात त्या सणाला आजही काही ठिकाणी शिकारी आणि त्यांचे कुत्रे आशीर्वादासाठी चर्चच्या दारात येतात. आमच्या मुलाने विचारले, "पण मग त्यांनी ते हरीण मारलं का?" आख्यायिकेत तरी त्यांनी शिकार सोडली. शिकाऱ्यांचा संत शिकार सोडून देणारा आहे, हे पोराने अगदी बरोबर पकडले.

इथवर सगळे पुस्तकातले होते. मग पोरगाच म्हणाला, "टर्की कायले पाहिजे? आपल्याकडे तितर आहे ना." आणि प्रश्न अमेरिकेतून थेट अकोला-वाशीम रस्त्यावर, आपल्या मेडशीत आला.

तितर कुणी पाहिला नसेल असे घर इथे नाही. पहाटे सोयाबीनच्या धुऱ्यावरून, गवताळ माळावरून त्याची तीन तुकड्यांची हाक येते, थांबते, आणि पलीकडच्या धुऱ्यावरून दुसरा उत्तर देतो. एके काळी या रस्त्याच्या कडेला टोपलीत तितर आणि लावे विकायला बसलेली माणसेही आपण पाहिली आहेत. ती बहुतेक फासेपारधी समाजाची असत. त्यांच्याकडून घेणारे कोण होते? लग्नाच्या आधी आणि नंतरही आम्ही घेतले आहेत. पाहुणे आले की घेतले, आणि रश्शाची तारीफ झाली. तेव्हाही ते कायद्याविरुद्ध होते, आणि ते आम्हाला माहीत होते. टोपलीवाल्याला पकडून नेल्याचे आम्ही ऐकले. आम्हाला कुणी कधी काही विचारले नाही. हे आम्ही कबुलीजबाबात सांगितले होते का? नाही. ते पाप आहे हेच कधी डोक्यात आले नव्हते.

कायदा काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या तरुणांत अजूनही "एखाद्याने काय होते" असे चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, फासा किंवा जाळे लावणे, हाकून आणणे, एवढेच काय पण तसा प्रयत्न करणे आणि पक्ष्याची अंडी वा घरटे मोडणे हेही शिकारीतच येते. सुरुवातीला या कायद्यात परवान्याची सोय होती, म्हणजे ज्याच्याकडे बंदूक आणि ओळख होती त्याला छोटी शिकार करता येई. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ती पद्धतच गेली. बंदूकवाल्याचा एक शौक गेला. फासेवाल्याचे काय गेले, ते पुढे येतेच.

कारण आपल्या मुलाला शिकारीला न्यावे की नाही, हा आजींच्या मुलासाठी सुट्टीच्या दिवसाचा प्रश्न होता. फासेपारध्याच्या घरी तो कधीच प्रश्न नव्हता. बाप रानात जाणार आणि पोरगा मागे जाणार, त्याची शाळा तीच. बांबूच्या खुंट्या, त्यांना बांधलेले सरकफास, पूर्वी तातीचे, नंतर नायलॉनचे. गवतात पाखराची वाट कुठली, हे दवावरून ओळखायचे. शिकवलेली गाय पुढे चालवायची आणि तिच्या आडून पाखराला हळूहळू फासांकडे लोटायचे. तोंडाने तितराची हूबेहूब हाक काढायची. हे कोणत्या पुस्तकातून शिकणार?

आणि याच शिकवण्याला सरकारने एकदा गुन्हा ठरवले होते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात पुढे पारधी समाजातल्या अनेकांची नावे लागली. १८९७ च्या दुरुस्तीत तर अशा जमातींच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली गेली. बाप पोराला गुन्हाच शिकवणार, हे गृहीत धरलेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पहिले बोट कुठल्या बेड्याकडे जाते, ते आपण सगळे जाणतो.

याउलट अभ्यासकांनी काय पाहिले, ते वाचून आम्हाला आमचीच लाज वाटली. १९८३ साली कैलाश मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू या तीन भटक्या समाजांच्या शिकारीच्या पद्धतींवर लिहिले. तिघांची शिकार वेगळी, हत्यारे वेगळी, त्यामुळे एकाच रानात राहून एक दुसऱ्याच्या ताटातले ओढत नाही. आणि गाडगीळांनी हेही नोंदवले आहे की फासेपारध्याच्या फासात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची रीत होती. अनुवादातला तो नियम ज्यांनी कधी ऐकला नाही, ते तो पाळत होते. आम्ही तो नियम छापलेले पुस्तक हातात घेऊन टोपलीतले तितर विकत घेत होतो, आणि त्यांत मादी कोणती हेही विचारत नव्हतो.

आमच्या मुलाच्या वर्गात फासेपारधी समाजाचा एक मुलगा आहे. दोघांची दोस्ती आहे. त्या मुलाचे आजोबा सत्तरीचे असतील, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. आजींचा प्रश्न आम्ही त्यांनाच विचारावा, ही कल्पना आमच्या पोराचीच. एका संध्याकाळी आम्ही बेड्यावर गेलो. चहा झाला. अमेरिकेतली गोष्ट सांगितली.

बाबांनी आधी विचारले, "ते पाखरू खातेत का?"

खातात, म्हटले.

"मंग पोट्ट्याले नेलंच पाहिजे. खाणाराले मालूम पाहिजे." मग थोडे थांबून म्हणाले, "पण धनुष्य काहून? फासात पाखरू जित्तं राह्यते. पाहून घेता येते, सोडाचं का ठेवाचं. बाण सुटला तं पाहाचं काय मंग?"

आमच्या घरात आठवडाभर चाललेला वाद त्या माणसाने दोन वाक्यांत कुठल्या कुठे नेऊन ठेवला होता. मारावे की मारू नये यावर आम्ही भांडत होतो. ते विचारत होते की हातात आल्यावर परत विचार करायला जागा उरते की नाही.

मग आम्ही विचारले, तुम्ही नातवाला शिकवता का? बाबा एकदम गप्प झाले. त्यांची सून म्हणाली, "नाई. आता बंद हाय. पोट्टं शाळेत जाते." तिच्या आवाजात भीती होती आणि ती आमची होती, म्हणजे आमच्यासारख्यांची. आपला मुलगा गलोल घेऊन पाखरामागे पळाला तर आपण हसतो, फार तर रागावतो. तिचा मुलगा नुसता दोरीचा फास खिशात घेऊन दिसला तर काय होईल, हे तिला चांगले ठाऊक होते. एकच खोडी दोन पोरांनी केली तर एक खोडकर ठरतो आणि दुसरा गुन्हेगार. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही शिकवतो की पाप करणाऱ्याच्या मनावरून ठरते. रस्त्यावर ते आडनावावरून ठरते.

इथे कुणी म्हणेल, मग काय कायदा मोडू द्यायचा? नाही. आमचे दोघांचे यावर एकमत झाले आहे. आज तितर मारू नये आणि विकत घेऊ नये. गवताचे माळ नांगरले गेले, जिथे उरले तिथे झाडे लावली गेली, आणि धुऱ्याधुऱ्यावर फवारणी होते. जमिनीवर घरटे करणाऱ्या पाखराला जागाच कमी झाली. तणमोर तर जगातूनच नाहीसा होण्याच्या काठावर आहे. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा हा पक्षी अकोला-वाशीमच्या माळांवर येतो, आणि त्याला वाचवण्यासाठी संवेदना या संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे यांनी हाताशी धरले ते फासेपारधी समाजालाच. तणमोर कुठल्या गवतात उतरतो, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत? ज्या विद्येने पकडायचे तिनेच राखायचे. परमगुरू फ्रान्सिस यांचे २०१५ चे परिपत्रक आपण सभागृहात मोठ्याने वाचले. त्यात सृष्टीचे रडणे आणि गरिबाचे रडणे हे एकत्रच ऐकावे, असे सांगितले आहे. वाचताना ते फार मोठे वाटले होते. बेड्यावर बसल्यावर ते अगदी घरगुती वाटले.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही असेच आहे. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. आणि त्याच परिच्छेदात पुढे म्हणतो की माणसांची हलाखी दूर करण्यासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. पहिले वाक्य आपल्याला पाठ असते, दुसरे आपण सोडून देतो. तितर वाचवा म्हणायचे आणि तितर विकून पोट भरणाऱ्याने उद्या काय खायचे, ते त्याचे त्याने पाहावे म्हणायचे, हे त्या परिच्छेदात बसत नाही.

जाताना आमच्या मुलाने हट्ट धरला, फासा कसा असतो ते दाखवा. बाबांनी सुनेकडे पाहिले. तिने मान फिरवली, पण नाही म्हणाली नाही. रानात काही लावायचे नाही, हे आम्ही स्पष्ट बोललो आणि बाबाही हसून म्हणाले, "मले कोर्टाच्या चकरा नाई पाहिजे." मग त्यांनी अंगणातच दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ओवली, आणि घरच्याच कोंबडीला दाणे टाकले. कोंबडी आली आणि तिचा पाय अडकला. ती ओरडली, दोन्ही मुले एकदम मागे सरकली.

"आता सोडा," बाबा म्हणाले.

आमच्या पोराने ओढले तशी गाठ आणखी आवळली. "ओढाचं नाई. आधी पंख दाबून धर, तिले उगी कर. मंग बोट घाल." कोंबडी हातात धरून पोरगा उभा होता. आपण आठवड्याला दुकानातून सोललेली कोंबडी काळ्या पिशवीत आणतो. जिवंत कोंबडीचे काळीज किती जोरात उडते, ते त्याला तोवर माहीत नव्हते. त्याने बोट घातले, फास सैल झाला, कोंबडी फडफडत पळाली. घरी येताना तो काहीच बोलला नाही. रात्री मात्र त्याने जेवताना विचारले, "हिला कुणी उगी केलं असंल का?" ताटात कोंबडीच होती.

आजींना आम्ही जे झाले ते सांगितले. आमचे उत्तर असे काही दिले नाही. त्यांनी स्वतःच ठरवले होते. "मी त्याले सांगतलं, शेजाऱ्याले म्हणा यंदा नको. पोट्टा धनुष्य चालवाले शिकू दे, गवताच्या पेंढीवर मारू दे. बाण नेमका बसाले लागला, आणि पाखरू स्वतः सोलून खाईन असं म्हणाला, तं मंग पाहू. सोलाची तयारी नाई तं माराचं कायले?" आमच्यातल्या एकाला हे अजूनही पटलेले नाही. तो म्हणतो, भूक नसताना मारायचे ते मारायचेच, मग सोला की न सोला. दुसऱ्याला आजी बरोबर वाटतात. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण आमचे एकमत झाले असे भासवणे खोटे ठरेल.

नंतर एका पहाटे बाबा दोन्ही मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेले. आम्हीही मागे होतो. हातात काही नाही, फासा नाही, गलोल नाही. बाबा एका बांधाआड बसले, तोंडाला हात लावला आणि हाक दिली. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा पलीकडून उत्तर आले. मग आणखी जवळून. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे वाटून तितर मान ताठ करून गवतातून धावत आला आणि आमच्यापासून दहा-पंधरा हातांवर थांबला. मुलांनी श्वास रोखला होता. तितराने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणखी एकदा ओरडला. भांडायला कुणीच नव्हते. तो परत गवतात शिरला.

"आता?" नातवाने हळूच विचारले.

"आता काही नाई."

"मंग बोलावलं कायले त्याले?"

बाबांनी उत्तर दिले नाही. ते उठले, धोतराला लागलेली कुसळे झाडली आणि बेड्याकडे चालू लागले. पोरगा त्यांच्या मागून चालला होता, आणि चालता चालता तोंडाला हात लावून तीच हाक काढून पाहत होता. दोन-तीनदा चुकली. नाल्याजवळ पोहोचेपर्यंत बऱ्यापैकी जमायला लागली होती. बाबा थांबले, त्यांनी मागे वळून नातवाच्या हाताची बोटे जरा जवळ सरकवली आणि पुढे निघाले.